धुऊन आणलेले पाय

त्या वर्षी पवित्र गुरुवारच्या मिस्सेला बारा जणांत वडिलांचे नाव होते. वसईकडच्या आमच्या धर्मग्रामात तेव्हा बारा पुरुष निवडले जात, ते वेदीसमोर बाकावर बसत आणि फादर गुडघे टेकून त्यांचे पाय धूत. दुपारीच वडील विहिरीवर जाऊन बसले. वजरीने टाचा घासल्या, नखांतली माती काडीने काढली, आईने दिलेल्या साबणाने पाय दोनदा धुतले. केळीच्या वाडीत जन्मभर अनवाणी राबलेले पाय ते. तसे ते फादरांच्या हाती कसे द्यायचे, हा संकोच त्यांच्या प्रत्येक हालचालीत दिसत होता. संध्याकाळी फादरांनी त्यांवर पाणी ओतले, तेव्हा धुण्यासारखे त्यांवर काही उरलेच नव्हते.

ही गोष्ट माझ्या मनात पुढे कितीतरी वर्षे राहिली. ख्रिस्ती श्रद्धा नेतृत्वाबद्दल काय सांगते, असे कुणी विचारले की सगळे त्याच प्रसंगाकडे बोट दाखवतात: येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पुढाऱ्याने सेवक व्हावे. बरोबर आहे. पण योहानच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात जे पाय आहेत, ते विहिरीवरून धुऊन आणलेले नाहीत. यरुशलेमच्या धुळीतून चालत आलेले, चपलेच्या पट्ट्यांखाली मळ साचलेले पाय आहेत ते. ते धुणे घरातल्या सर्वांत खालच्या गड्याचे काम होते. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचे वस्त्र उतरवून कमरेला पंचा गुंडाळतो, घंगाळात पाणी ओततो. पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेतो. गुरूने आपला मळ पाहू नये, असे त्याला वाटते. माझ्या वडिलांना वाटले, तेच.

या प्रसंगातल्या दोन गोष्टींवरून आपण फार लवकर पुढे जातो. एक म्हणजे यहुदा. तो त्या वेळी तिथेच होता. उठून अंधारात गेला तो नंतर. म्हणजे जो येशूला विकणार आहे त्याचेही पाय धुतले गेले. दुसरी गोष्ट अशी, की पाय धुऊन झाल्यावर येशू पुन्हा वस्त्र घालून आपल्या जागी बसतो आणि शिष्यांना सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ते योग्यच आहे. तो अधिकार टाकून देत नाही, ‘मी कुणी नाही’ असेही म्हणत नाही. नम्रतेच्या नावाखाली जबाबदारी झटकणारी माणसे आपण पुष्कळ पाहिली आहेत. ही नम्रता त्या जातीची नव्हे. अधिकार त्याच्याकडेच राहतो. फक्त तो पायांपर्यंत खाली येतो आणि तिथे काय साचले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

काळजी हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. त्याच्या जोडीला बायबल आणखी एक शब्द ठेवते: हिशोब.

येशूच्या जवळपास सहाशे वर्षे आधी बाबेलच्या बंदिवासात यहेज्केल नावाचा याजक बोलत होता. त्या मुलखात राजाला मेंढपाळ म्हणण्याची चाल जुनी. बाबेलच्या हम्मुराबीनेही आपल्या शिलालेखात स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतले आहे. यहेज्केलने हे गौरवाचे नाव घेतले आणि त्याचा आरोप केला. चौतिसाव्या अध्यायात तो इस्राएलच्या मेंढपाळांना विचारतो ते असे, की तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरलीत, पण जखमी मेंढराला पट्टी कुणी बांधली? वाट चुकलेल्याला शोधायला कोण गेले? आणि मग ज्याचा कळप आहे तो त्यांच्याकडे एकेका मेंढराचा हिशोब मागतो. आपल्याकडे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन खाली उतरणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. संध्याकाळी वाघरीत मेंढरे कोंडताना एक जरी कमी भरले, तरी वाड्यावर कुणाला स्वस्थ बसवत नाही.

आपल्या भाषेत तर याला आणखी जवळचा शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानात मालकाची मालमत्ता सांभाळणारा जो माणूस येतो, त्याला मराठी बायबलने ‘कारभारी’ म्हटले. गावाकडे बाई नवऱ्याला कारभारी म्हणते, पेशवाईत कारभाऱ्यांनी राज्ये चालवली. शब्दात सत्ता आहे, पण मालकी नाही. माणसे, पैसा, पद, जमीन, सगळे दुसऱ्याचे. आपल्याकडे सांभाळायला दिलेले. कधीतरी बोलावणे येणार आणि वही उघडावी लागणार. ख्रिस्ती श्रद्धेचे नेतृत्वाबद्दलचे म्हणणे मला या एका शब्दात सर्वांत नीट सापडते. प्रेम करणारा मालक होणे फार कठीण नाही. प्रेम करून वर वही दाखवायला तयार असणे कठीण आहे.

महाराष्ट्रात हे ज्या बाईने जगून दाखवले, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. 1874च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. त्या स्वतः भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या. म्हणून 1896च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा त्या पुण्यातून नुसती देणगी पाठवून थांबल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, तिथे मुलींचे काय हाल होतात ते पाहिले आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. दौंडच्या अलीकडे, केडगावला त्यांनी आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्या मुली राहिल्या आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या गेल्या, माग चालू झाले, छापखाना आला. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

पण मला त्यांची थोरवी या आकड्यात दिसत नाही. 1897च्या प्लेगात रमाबाईंच्या आश्रमातली एक मुलगी पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात गेली आणि तिचे पुढे काय झाले, याची धड खबर मिळेना. जे कानावर आले ते भयंकर होते. रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि तिथल्या कारभारात बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असे उघड म्हटले. तेव्हाचे पुणे आठवावे: इंग्रज अधिकारी रँडची प्लेग कमिटी, घरात घुसणारे सोजीर, भेदरलेले शहर. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि राज्यही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते. गप्प राहण्याने त्यांचे काहीच बिघडले नसते, बोलण्याने बिघडू शकत होते. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईच्या गव्हर्नरने रमाबाईंचे म्हणणे चुकीचे ठरवले. त्यांनी मात्र शेकडो मुलींच्या धबडग्यात त्या एकीची नोंद पुसली नाही. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आम्ही चर्चमध्ये लहानपणापासून ऐकतो. पुण्यात ती अशी घडली.

रमाबाईंच्या बाबतीत एक अवघड गोष्टही सांगायला हवी, नाहीतर माझीच वही खोटी ठरेल. त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदन या आश्रमातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या कारणाने 1893मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले. मी ख्रिस्ती आहे. कुणाला येशूची ओढ वाटली याचा मला आनंदच होईल. तरीही त्या थोर माणसांची शंका मला गंभीर वाटते. ज्याच्या हातून ताटात भाकरी येते, त्याच्यापुढे ‘हो’ म्हणणाऱ्याचा होकार किती मोकळा असतो? काळजी घेणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता येते आणि ती त्याला स्वतःला दिसत नाही. रमाबाईंना हा प्रश्न निदान उलट्या बाजूने नीट ठाऊक होता. इंग्लंडमध्ये 1883मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेरल्डीन त्यांना चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवायला सांगत राहिल्या आणि रमाबाई आपल्या सदसद्विवेकाचा हक्क सोडायला तयार झाल्या नाहीत. एका पुरोहितशाहीचे जू काढून दुसरीचे घालून घेणार नाही, असा त्या पत्रांचा रोख आहे. आपल्याला हवे ते स्वातंत्र्य आपल्या छायेतल्या माणसालाही द्यावे लागते. तिथे भलेभले अडखळतात.

चर्च तर फारच वाईट अडखळले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले पहिले ग्रेगरी स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवत आणि ती पदवी पोपांकडे आजही आहे. त्याच चर्चमध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले गेले. वरच्यांना माहिती होती आणि त्यांनी संस्थेचे नाव सांभाळले. 2002मध्ये बॉस्टनमधले प्रकार वर्तमानपत्राने बाहेर काढले आणि वर्षअखेर तिथल्या कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. मग एकेका देशातून तशाच हकिकती येत गेल्या. हे लिहिताना मला लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी. हे बिशप दर पवित्र गुरुवारी गुडघे टेकून पाय धूत होते. निवडलेल्या बारा जणांचे, धुऊन आणलेले. ज्या मुलाला खरोखर इजा झाली होती, त्याच्यापुढे ते वाकले नाहीत. त्याच्या आईबापांना गप्प राहायला सांगितले गेले. पोप फ्रान्सिस यांनी 2019मध्ये कायदा करून अशा तक्रारी वर कळवणे धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना बंधनकारक केले आणि बिशपांविरुद्धच्या तक्रारींचीही वाट आखून दिली. यहेज्केलचा प्रश्न नियमात यायला एवढी वर्षे लागली.

फ्रान्सिस यांनी निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, मार्च 2013मध्ये, रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले. त्या बारा जणांत मुली होत्या आणि त्यांतली एक मुसलमान होती. नियमाने तेव्हा पुरुषांचेच पाय धुवायचे असत. 2016मध्ये तो नियम बदलला. काही जाणकारांना तुरुंगातले ते पाय धुणे खटकले. मला मात्र त्या दिवशी विहिरीवरचे वडील आठवले. तुरुंगातल्या मुलांचे पायही आधी धुतले असतील कदाचित, पण तो मळ कुठून आला हे तिथे लपवण्यासारखे नव्हते.

पेत्राकडे पुन्हा यायला हवे, कारण पुढे कळप त्याच्याच हाती दिला गेला. नेता होण्याआधीचा त्याचा धडा दुसऱ्याचे पाय धुण्याचा नव्हता, स्वतःचे धुऊ देण्याचा होता. तू धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध नाही, अशा अर्थाचे कडक उत्तर त्याला मिळाले. आपला मळ दुसऱ्याला पाहू देणे, चूक झाली तर ऐकून घेणे, हे त्यात आले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिला, त्यात त्याने मठाधिपतीला सांगितले आहे की महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्यांना बोलाव, अगदी धाकट्यालाही. पुष्कळदा देव धाकट्याकडूनच बरे ते सुचवतो. त्याच नियमात मठाधिपतीला बजावले आहे, की तुझ्याकडे सोपवलेल्या प्रत्येक जिवाचा जाब तुला द्यायचा आहे. ऐकणे आणि जाब देणे त्याने असे एकाच माणसाच्या गळ्यात बांधले.

त्या संध्याकाळी वडिलांच्या पायांवर पाणी ओतून फादर पुसत होते, तेव्हा पंच्यातून त्यांचा अंगठा टाचेवर थांबला. टाचेला उभी, खोल भेग होती. वजरीने मळ गेला होता, भेग कुठे जाणार? बाकीच्यांपेक्षा तिथे जरा जास्त वेळ लागला, एवढेच आम्हाला बाकावरून दिसले. घरी आल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, “फादर विचारत होते, काका, हे दुखतं का?”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या उपासाला, चर्चमधला मुलगा कागदात गुंडाळलेले कोकम तेलाचे मुठेल घेऊन आमच्या ओट्यावर आला.