चांदी म्हटले की पारा दिसत नाही

दाढ दुखली म्हणून कुणी रिंगणीच्या बियांची धुरी घेतली आणि ‘किडे पडले’ असे सांगितले, तर आपण शिकलेली माणसे हसतो. दात पोखरतात ते आम्ल तयार करणारे जिवाणू, किडे नव्हेत. तेव्हा हसण्यात चूक नाही. मग आपण दवाखान्यात जातो, ‘चांदी भरून’ घेतो, चूळ बाजूच्या भांड्यात टाकतो आणि टाकलेले नाहीसे झाले असे समजून घरी येतो. ही समजूत कोणत्या शास्त्रातली?

त्या ‘चांदी’त, म्हणजे अमाल्गममध्ये, वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. नाव मात्र चांदीचे. पारा म्हटले असते तर निदान कुणी प्रश्न विचारला असता. जुनी चांदी उकरताना तिचा चुरा फवाऱ्याच्या पाण्यात मिसळतो. खुर्चीजवळची जाळी जाडे कण अडवते, बारीक कण गटाराला लागतात. गटारातले पाणी खाडीला मिळाले, की प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्यातल्या काही पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात. तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. जपानमधल्या मिनामाता इथे तर कारखान्याने थेट मिथिल पाराच समुद्रात सोडला होता. १९५६ मध्ये त्यातून झालेला आजार उघडकीला आला, आणि पुढे फारशी लक्षणे नसलेल्या आयांच्या पोटीही मेंदू बिघडलेली मुले जन्मलेली दिसली.

‘अहो, आमचा पारा तो केवढा! शेजारी औष्णिक केंद्र कोळसा जाळतेय ते बघा.’ दंतवैद्यांचा हा आक्षेप खोटा नाही. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या केंद्राला जाब विचारलाच पाहिजे. कोळशातही पारा असतो. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखला गेला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. केंद्राकडे आणि वाढवणला होऊ घातलेल्या बंदराकडे सावधगिरी मागायची, आणि आपल्या दवाखान्याच्या मोरीला तेवढी सूट द्यायची, हे मात्र पटत नाही. तिथल्या किनाऱ्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांत दंतवैद्यही असतील. त्यांना हे सांगावे लागू नये.

उपाय अवघड नाही. सक्शनची नळी आणि गटार यांच्यामध्ये अमाल्गम सेपरेटर बसवायचा. चुरा तळाशी बसतो, पाणी पुढे जाते. साध्या प्रकाराला वीजही लागत नाही. युरोपीय संघाने २०१९ पासून आणि अमेरिकेने २०२० पासून तो सक्तीचा केला. किमान ९५ टक्के चुरा अडवण्याची अट घातली. साठलेला गाळ घातक कचरा म्हणून वेगळा सोपवायचा. नळ्या ब्लीचने धुवायच्या नाहीत, कारण क्लोरीनमुळे अडकलेला पारा विरघळून पुढे निघतो. आणि चांदी भरलेला उपटलेला दात दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचा नाही. ती पिशवी भट्टीत जाते, पारा हवेत.

‘पाड्यावरच्या माणसाला चांदीच परवडते.’ गरिबाची काळजी नेमकी अशाच वेळी आठवते! कीड हाताच्या अवजारांनी खरवडून ग्लास आयोनोमर भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिला ड्रिल लागत नाही, वीजही नाही. तलासरीच्या आश्रमशाळेत चालेल अशी दुसरी कोणती हवी? भारताने २०१८ मध्ये मान्य केलेल्या, पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवले आहे, की १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्या दातांत चांदी टाळावी.

हे वाचून तोंडातली शाबूत चांदी काढायला धावू नका. उकरतानाच पारा अधिक सुटतो.

आता मिनामाता कराराच्या त्याच देशांनी चांदीचा वापर २०३४ पर्यंत थांबवायचे ठरवले आहे. तोवर वाट पाहू म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: आज भरलेली दाढ आणखी दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी उकरणारच आहे, आणि तिचा चुरा त्या दिवशीही याच नळीने जाणार आहे.