खोळंबा

दत्तभक्त वाचकहो, ठरवलेलं काम ठरल्या वेळी झालं नाही की जीव कासावीस होतो. दवाखान्यातला रिपोर्ट, बँकेतली रांग, परगावच्या मुलांचं येणं. आपल्या वयाला वाट पाहणं काही नवं नाही. धीर धरावा, असं सगळेच सांगतात. पण धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आपला खोळंबा दूर व्हावा म्हणून दुसऱ्याला किती ताणायचं? या प्रश्नाचं उत्तर मला पोथीआधी एका होडीनं दिलं.

कोकणात खाडीकाठी आमची शिडाची होडी होती. नारळ, पेंढा पलीकडे न्यायचा तो तिच्यातूनच. पावसाळा तोंडावर आला की ती वर काढून ठेवायची. ऐकायला हे एका दिवसाचं काम वाटतं, पण तसं नसतं. आधी शीड गोड्या पाण्यात धुवून खडखडीत वाळवायचं, कारण कापडात मीठ राहिलं तर ते ओलावा धरतं आणि बुरशी येते. डोलकाठी उतरवायची. होडी वर आली की तळाचे शिंपले खरवडायचे आणि लाकूड सुकल्यावरच तेलाचा हात द्यायचा. ओल्या लाकडावर तेल दिलं तर ओल आत कोंडते, फळी कुजते. शेवटी झावळ्यांनी शाकारायचं.

होडी ओढायची ती उधाणाच्या भरतीला. पौर्णिमा-अमावास्येला पाणी चांगलं वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती तेवढी चढत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ. म्हणजे एक उधाण हुकलं की पंधरा दिवस बसा!

एका वर्षी वैशाखी पौर्णिमा मेच्या शेवटच्या आठवड्यात आली. फळी बदलायला सुतार चार दिवस उशिरा आला. वाळत घातलेलं शीड वळिवानं भिजवलं. हे निस्तरून पौर्णिमेला माणसं जमली, तर तिघे भाऊ आलेच नाहीत. त्यांची आई अत्यवस्थ होती. त्या तिघांवाचून होडी हलणारी नव्हती. कोणीतरी माझ्या वडिलांना म्हणालं, "अण्णा, तासाभराचं तर काम. मी बोलावून आणतो. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत."

अण्णा म्हणाले, "म्हणूनच बोलवायचं नाही."

भरती ओसरली. अण्णा मात्र हात जोडून बसले नाहीत. संध्याकाळी होडी खाडीच्या वळणात आडोशाला नेली, दोर दुप्पट बांधले, डोलकाठी उतरवली, शीड पडवीत पसरलं. दोन दिवसांनी ती माउली गेली. तिघेही उशाशी होते. पुढे अमावास्येच्या आधीच पाऊस आला, वाऱ्यानं होडी खडकावर आपटली आणि दोन फळ्या फुटल्या. दुरुस्तीत त्या वर्षीच्या सुपारीचे पैसे गेले. धीर धरला म्हणून नुकसान टळलं, असं काही झालं नाही. अण्णांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ही कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. त्यांत समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो मर्यादा सोडत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. त्याच यादीत अजगरही आहे. मिळेल त्यावर समाधानी. अजगराचं नाव पुढे करून आळस झाकणारेही भेटतात. म्हणून मला वाटतं, खोळंबा आला की आधी तो कोणता ते ओळखावं. भरतीचा, लाकूड सुकण्याचा खोळंबा कामातच धरलेला असतो. तिथं घाई केली तर कामच नासतं. आपल्या आळसाचा खोळंबा मोडून काढावा. तिसरा खोळंबा दुसऱ्याच्या दुःखातून येतो. तो सोसावा, आणि त्याची किंमत आपण भरावी.

हा तिसरा सर्वांत अवघड. दत्तजयंतीच्या प्रसादाची तयारी अडली आहे आणि स्वयंपाकाच्या बाईंचं मूल तापानं फणफणलं आहे. फोन केला तर त्या येतीलही. पगार कापला जाईल या भीतीनं येतील. त्या प्रसादाला मग गोडी कसली? एखादा पदार्थ कमी होऊ द्या, आपणच चार पोळ्या लाटा. दत्तमहाराज उपाशी राहत नाहीत.

काम अडलं की आपण घड्याळ पाहतो. त्याआधी एवढंच पाहावं, की ज्याला आपण हाक मारतो आहोत, त्याला "नाही" म्हणता येतं का? येत नसेल, तर ती हाक गिळावी आणि आपल्या हातचं काम सुरू करावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥