भांड्याबाहेर वाढणारा मासा

प्रलयाची भारतीय परंपरेतील सर्वांत जुनी सविस्तर कथा शतपथ ब्राह्मणात आढळते आणि तिचा सुरुवातीचा भाग वाढत्या माशाला कोठे ठेवावे या प्रश्नानेच व्यापलेला आहे. सकाळी हात धुण्याच्या पाण्यातून मनूच्या हाती आलेला लहान मासा, मोठे मासे लहानांना गिळतात म्हणून संरक्षण मागतो, आणि आपल्याला प्रथम घड्यात, घडा अपुरा पडल्यावर खणलेल्या खड्ड्यात व शेवटी समुद्रात न्यावे, हा क्रम तो आश्रय घेतानाच सांगून टाकतो. महाभारताच्या वनपर्वात हा क्रम रांजण, मोठी वापी, गंगा आणि समुद्र असा लांबतो. भागवताच्या आठव्या स्कंधात द्रविड देशाचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीवर तर्पण करीत असताना ओंजळीत आलेला मासा आधी नदीतच परत सोडतो, पण मासा गयावया करतो तेव्हा त्याला कमंडलूत घालून आश्रमात नेतो. या तिन्ही कथांत आश्रय देणाऱ्याचे कर्तव्य भांड्यापाशी संपत नाही. मासा वाढेल तसे तेही वाढत जाते आणि त्याला त्याच्या योग्य पाण्यात पोहोचवल्यावरच पुरे होते.

आजच्या घरातील काचेच्या टाकीत मात्र मासा बोटभर असताना येतो आणि त्याची पुढची लांबी कोणी सांगितलेली नसते. टाकीतील शेवाळ खातो म्हणून पाच-सात सेंटिमीटरचा असताना विकला जाणारा सकर मासा तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. साधा गोल्डफिशही पुरेशा पाण्यात तीस सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकतो आणि वीस वर्षे जगू शकतो. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात अपुऱ्या पाण्यात माशाच्याच विष्ठेतून साचणारा अमोनिया आणि हालचालीची कोंडी यांमुळे त्याची वाढ खुंटते, कधी पाठीचा कणा वाकतो आणि आयुष्य घटते. ज्याला समजूतदार जुळवून घेणे मानले जाते, तो आजार असतो.

या कोंडीला जैन आचारशास्त्रात नेमके स्थान आहे. गृहस्थाच्या अहिंसा-अणुव्रताचे, म्हणजे संसारी माणसाने पाळावयाच्या मर्यादित व्रताचे, पाच अतिचार अथवा दोष तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत आणि त्यांतला पहिला ‘बंध’ हा आहे. प्राण्याला मारले नाही, उपाशी ठेवले नाही, रोज दोन वेळा दाणा टाकला, तरी त्याला अडकवून ठेवणे हा स्वतंत्र दोष ठरतो. हा विचार टाकीच्या मालकाला अस्वस्थ करणारा आहे आणि तसा तो असायलाच हवा.

मग नदीत सोडून देणे हाच धर्म ठरतो काय? तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर परिसरात या प्रश्नाला एक प्रत्यक्ष भूगोल आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा येथे तेलंगण आणि महाराष्ट्र यांची सीमा आखते, पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहितेतून तिचे पाणी गोदावरीत जाते. वाढत्या जीवाला जागा अपुरी पडणे या भागाला अपरिचित नाही: पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात वाढलेले तरुण वाघ स्वतःचे क्षेत्र शोधत पैनगंगा ओलांडून भीमपूरच्या शिवारात येतात. पण वाघ आपल्याच भूमीत, आपल्या पायांनी सरकतो. सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. त्याला येथे आणून सोडणारा माणूस असतो, आणि जो मासा शेवाळ खरवडतो, काठ पोखरतो व आपल्या कठीण काट्यांनी कोळ्यांची जाळी फाडतो, त्याला नदीत सोडणे हे मनूच्या कृतीचे अनुकरण ठरू शकत नाही. मनूने माशाला त्यानेच मागितलेल्या पाण्यात पोहोचवले होते. सत्यव्रताच्या कथेतही नदीत सोडण्याला माशाचाच आक्षेप आहे, हे या संदर्भात विशेष लक्षात घ्यावे लागते: सोडणाऱ्याला हलके वाटले, एवढ्याने सोडलेल्याचे भले झाले असे होत नाही.

विकत घेण्यापूर्वी प्रौढ माशाची लांबी विचारणे हे यातले सर्वांत सोपे कर्तव्य आहे, कारण मनूच्या माशाने जे आपण होऊन सांगितले ते दुकानातला मासा सांगू शकत नाही. मासा आधीच वाढलेला असेल तर मोठी टाकी, ती शक्य नसेल तर अधिक जागा असलेला जाणता पाळणारा किंवा त्याला स्वीकारणारे मत्स्यालय, हे मार्ग खर्चाचे आणि त्रासाचे असले तरी धरावे लागतात. यांपैकी काहीच जमले नाही, तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मृत्यू देणे हा पर्याय उरतो. अहिंसेच्या कोणत्याही परंपरेला तो सहज मान्य होणार नाही, आणि तो निर्दोष आहे असे येथेही म्हणायचे नाही. तरी नदीत सोडल्याने ती हिंसा टळते असे समजण्यात मोठी चूक आहे, कारण ती तेथे मरळ, रोहू यांसारख्या माशांवर आणि त्यांच्यावर पोट असलेल्या कोळ्यांवर जाऊन पडते, आणि त्यांच्यापैकी कोणीही तो मासा घरी आणलेला नसतो.