न मिळालेले वेतनपत्रक आणि सत्याचा आधार

अमेरिकेत नोकरदाराला मालकाकडून दरवर्षी 'डब्ल्यू-२' नावाचे पत्रक मिळते. मागील वर्षी दिलेले वेतन आणि त्यातून कापून घेतलेला कर यांची ती नोंद असून, ती ३१ जानेवारीपर्यंत द्यावी असा नियम आहे. पत्रक आलेच नाही, मालकाने धंदा गुंडाळला किंवा तो उत्तरच देत नाही, तरी कर्मचाऱ्याचे विवरणपत्र भरण्याचे कर्तव्य सुटत नाही. आणि त्या विवरणपत्राखाली, खोट्या निवेदनाबद्दल शिक्षा होऊ शकते हे जाणून, सारा मजकूर आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा, बिनचूक आणि पूर्ण असल्याची सही करावी लागते. मूळ नोंद हाती नसताना 'खरे' हा शब्द कशाच्या बळावर उच्चारावा, हा प्रश्न हिशेबाचा दिसला तरी मुळात प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी होते याच्या विचाराचा आहे.

अशा वेळी जोडायच्या '४८५२' क्रमांकाच्या पर्यायी पत्रकात आकड्यांबरोबर दोन गोष्टी लिहाव्या लागतात: आकडे कसे ठरवले, आणि मूळ पत्रक मिळवण्यासाठी कोणते प्रयत्न केले. भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला हे दोन्ही प्रश्न ओळखीचे वाटतील.

प्रयत्नांचा प्रश्न अनुपलब्धीचा, म्हणजे वस्तू न आढळण्याचा आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला अभावज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण वस्तू असती तर ती आढळलीच असती अशी स्थिती असली पाहिजे, ही अट ते घालतात. लख्ख उजेडात घागर दिसली नाही तर 'घागर नाही' असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. मालकाकडे केलेली विचारणा, आणि फेब्रुवारी सरल्यावरही पत्रक न आल्यास करखात्याकडे केलेली तक्रार, हा त्या अंधारात लावलेला दिवा आहे. याउलट काही जण याच पर्यायी पत्रकात वेतन शून्य दाखवतात आणि मजुरी हे उत्पन्नच नव्हे असा दावा करतात. त्यासाठी कायद्यात ५,००० डॉलरच्या दंडाची तरतूद आहे, आणि तो न्याय्यच म्हटला पाहिजे, कारण तिथे कागदाचा अभाव वस्तूच्या अभावाच्या जागी बसवलेला असतो.

आकड्यांचा प्रश्न अनुमानाचा आहे. वर्षाच्या शेवटच्या पगारचिठ्ठीवर एकूण बेरजा असल्या तर काम सोपे होते. नसल्या तर मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्ययोजनेसाठी वेतनातून होणारी १.४५ टक्के कपात उपयोगी पडते. वर्षभरात ५८० डॉलर कापले गेले असतील तर वेतन ४०,००० डॉलर होते, हे धुरावरून अग्नी ओळखण्यासारखे आहे, कारण कपात आणि वेतन यांचा संबंध, म्हणजे नैयायिकांची व्याप्ती, ठरलेला आहे. मात्र निवृत्तिनिधीत वळवलेल्या रकमेवर ही कपात होते आणि त्या वर्षीचा प्राप्तिकर सहसा होत नाही, त्यामुळे अशी रक्कम असल्यास करपात्र वेतन ४०,००० पेक्षा कमी निघते. अग्नीवरून धूर ठरवू पाहणाऱ्याला ओल्या लाकडाची अट लक्षात ठेवावी लागते तसा हा उपाधी, म्हणजे अनुमान बिघडवणारी लपलेली अट, आहे. कापलेल्या प्राप्तिकराला तर असा एकच दर नसतो, आणि तोच आकडा फुगवल्याने परतावा वाढत असल्यामुळे मोह नेमका ज्ञान दुबळे असते तिथे येऊन उभा राहतो.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे जे विवरण आहे, त्यात पाहिलेल्याबरोबर अनुमानलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टीलाही स्थान आहे. वाणी आणि मन त्या ज्ञानाशी जुळणारे असावे आणि बोलणे ऐकणाऱ्याला फसवणारे नसावे, असे भाष्यकार सांगतात. या अर्थाने अंदाजे आकडा असत्य ठरत नाही. अंदाज असूनही तो नोंदीसारखा मांडला तर ठरतो.

मूळ पत्रक पुढे आले आणि आकडे निराळे निघाले, तर '१०४०-एक्स' या दुरुस्तीच्या विवरणपत्राने पहिले निवेदन सुधारावे लागते. दर्शनांच्या भाषेत पहिल्या ज्ञानाचा बाध झाला, म्हणजे नंतरच्या प्रबळ ज्ञानाने ते रद्द ठरले. दोरीला साप समजून तसे सांगणारा खोटे बोलत नव्हता, परंतु दोरी कळल्यावरही जो गप्प राहतो त्याला ती सबब उरत नाही, आणि पत्रक मालकामुळे उशिरा आले हे कारणही त्याला पुरत नाही, कारण विवरणपत्राखालची सही मालकाची नसते.