पोथीचा वेळ कोणी दिला?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



चातुर्मास तोंडावर आला की आपल्या ग्रुपवर संकल्प यायला सुरुवात होते. कोणाचं ज्ञानेश्वरीचं पारायण, कोणाचा रोज दासबोधाचा एक समास, कोणाची गीता पाठ करायची इच्छा. वाचून खरंच आनंद होतो. गेल्या काही वर्षांत यात आणखी एका संकल्पाची भर पडली आहे. नोकरीतून निवृत्त झालेली आपली काही मंडळी इंदूर सोडून सिमरोल, तिल्लोर, महू-मानपूरकडे दोन-चार बिघे जमीन घेऊन राहायला जाताहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच, "शहरातल्या धावपळीत साधना होत नाही. तिकडे वेळच वेळ मिळेल."

आपल्याच परिवारातल्या अशा एका काका-काकूंबद्दल आज लिहिते आहे. त्यांना विचारूनच लिहिते, फक्त नावं घेत नाही.

काकांनी जायच्या आधी एक वही केली होती. पहाटे साडेचारला उठणे, काकड आरती, ध्यान, मग ज्ञानेश्वरीच्या पंचवीस ओव्या अर्थासकट. ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9,000 च्या वर आहेत, म्हणजे वर्षभरात ग्रंथ पूर्ण. दुपारी दासबोध. त्याचे 200 समास, रोज एक म्हटलं तर सात महिन्यांत संपेल. संध्याकाळी पेटी शिकणे. वही अगदी नेटकी, रकाने आखलेली.

आणि मग गाव सुरू झालं. शेतीची थ्री-फेज लाईट ठरलेल्या तासांनाच येते, आणि कधी कधी ते तास रात्रीचे असतात. लाईट आली की उठून मोटर चालू करायची, नाहीतर गव्हाला पाणी नाही. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं, मोटर कोरडी चालून जळाली. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की घरापासून रस्त्यापर्यंत जायला अर्धा तास. सोयाबीन पिवळं पडलं. नीलगायींचा कळप एका रात्रीत हरभरा खाऊन गेला. गाय व्याली ती नेमकी एकादशीच्या पहाटे. वहीतले रकाने पहिल्या महिन्यात भरले, दुसऱ्या महिन्यात अर्धे आणि तिसऱ्यापासून कोरे.

काका मला म्हणाले, "शहरात असताना निदान तासभर तरी पोथी व्हायची. इथे तीही गेली. देवासाठी आलो आणि मोटरचा झालो."

हा प्रश्न फक्त गावाला गेलेल्यांचा नाही. नातवंडं सांभाळायला मुलाकडे गेलेल्यांचा आहे, घरी आजारी माणूस असलेल्यांचाही आहे. आपण साधनेसाठी वेळ ठरवतो आणि संसार तो वेळ मागून घेतो. मग त्या वेळाचं झालं काय? तो वाया गेला का?

याला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे, "नेटाने वेळ काढा, बाकीचं राहू द्या." पण तहानलेली गाय आणि सुकणारं पीक राहू देता येत नाही. तशी साधना केली तर मनच टोचत राहतं. दुसरं उत्तर जास्त आवडीने दिलं जातं, "अहो, काम हीच पूजा!" हे खोटं नाही. पण मला एक गोष्ट दिसते. हे वाक्य बहुतेक वेळा बसलेला माणूस काम करणाऱ्या माणसाला सांगतो. काम करणारा ते स्वतःहून क्वचितच म्हणतो. दिवसभर भांडी, गोठा, स्वयंपाक करून रात्री जपाची माळ हातात घेतल्यावर ज्या बाईला झोप लागते, तिला "काम हीच पूजा" म्हणणं म्हणजे तिची माळ आपणच काढून घेणं.

मला वाटतं, या दोन्ही उत्तरांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. मोकळा वेळ येतो कुठून?

शहरात तो आपला आपण मिळतो असं वाटतं. सकाळी नळाला पाणी येतं आणि आपण पूजेला बसतो. पण ते नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून इंदूरला आणावं लागतं. तिथे रात्रपाळीला कोणीतरी पंपावर जागं असतं. आपण ध्यानाला बसतो तेव्हा रस्ता झाडून झालेला असतो आणि कचरागाडी दारात येऊन गेलेली असते. भांडी घासणारी ताई स्वतःच्या घरचं सगळं आवरून आपल्याकडे येते. आपला तासभर पोथीचा वेळ हा अशा दहा जणांच्या हातांनी तयार झालेला असतो. ते हात दिसत नाहीत, म्हणून तो वेळ आपला वाटतो.

गावात हे हात कमी होतात. पाणी स्वतः चढवायचं, कचरा स्वतः पुरायचा, दूध स्वतः काढायचं. म्हणजे गावाने काकांचा वेळ खाल्ला असं नाही. शहरात त्यांच्या वेळाची किंमत दुसरे देत होते, गावात ती त्यांच्यासमोर आली.

आणि घरातल्या घरात बघायचं तर आणखी एक गोष्ट दिसते. काकांच्या वहीत काकूंसाठी रकानाच नव्हता. काकांचा दासबोध दुपारी दोनला, पण त्याआधी चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं आवरलेलं असायला हवं, ते कोण आवरणार हे वहीत लिहिलेलं नव्हतं. यात काकांचा वाईट हेतू नव्हता. आपल्या बहुतेक घरांत हे असंच गृहीत असतं. काकूसुद्धा बी.ए. झालेल्या, संस्कृत घेऊन. गीतेचा अर्थ त्यांना काकांपेक्षा जास्त कळतो. पण इंदूरच्या घरी त्यांचं वाचन "सगळं झाल्यावर" होतं आणि गावाला गेल्यावर सगळं कधी होईना.

इथे विनोबांच्या आईची आठवण येते. रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत कळत नव्हतं, आणि मराठीत सोपं होईल असं काही हाती नव्हतं. "तूच का करत नाहीस?" असं त्या मुलाला म्हणाल्या होत्या. विनोबांनी गीताई लिहायला घेतली ती 1930 मध्ये. आई 1918 मध्येच गेली होती. आज गीताई घरोघरी आहे, पण जिच्या मागण्यावरून ती झाली तिच्या हाती ती पडली नाही. मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण आपल्या घरात "सगळं झाल्यावर वाचेन" म्हणणारी एखादी बाई असेल, तर तिचं वाचन किती पुढे ढकलायचं याचा विचार आजच केलेला बरा.

त्याच विनोबांचं पुढचं आयुष्य आपल्या प्रश्नाला सरळ भिडतं. 1938 मध्ये त्यांची तब्येत खालावली होती. गांधीजींनी विश्रांती घ्यायला सांगितलं, म्हणून ते वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. म्हणजे मोकळा वेळ हातात होता आणि ज्ञानाला कमी नव्हती. अशा वेळी कोणीही ग्रंथ उघडून बसलं असतं. विनोबांनी शेत खणायला घेतलं. आधी थोडी मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत. तब्येतही सुधारली. आणि तिथे खणताना जमिनीतून राम-भरत भेटीची एक जुनी कोरीव मूर्ती निघाली. गंमत अशी की 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या, साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता प्रवचनांत विनोबांनी राम-भरताच्या भेटीचं चित्र रंगवलं होतं. जे सहा वर्षांपूर्वी बोलले होते ते कुदळीला लागलं. ती मूर्ती आज पवनारच्या आश्रमात भरत-राम मंदिरात आहे.

याला मी चमत्कार म्हणत नाही. पण मूर्ती निघाली ती कोणाच्या हाताने हे महत्त्वाचं वाटतं. पुढे 1950 मध्ये त्यांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावर अवलंबून राहायचं नाही, बैलही नाहीत, माणसांनी खणायचं, माणसांनीच पाणी काढायचं. असा प्रयोग आपल्याला जमणार नाही आणि कोणी करावा असंही माझं म्हणणं नाही. त्यामागची भावना मात्र घेण्यासारखी आहे. मी चिंतन करत असताना माझा वाटा दुसऱ्याच्या पाठीवर असता कामा नये. हेच विनोबा 1960 मध्ये आपल्या इंदूरला येऊन राहिले होते आणि इथला विसर्जन आश्रम त्यांनीच सुरू केला, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

संतांच्या कथांतही हेच आहे, फक्त आपण ते भराभर ऐकतो. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत देवाने तिला "काम हीच पूजा समज" असा उपदेश केलेला नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला. तिचं ओझं अर्धं केलं, म्हणून तिचं नाम सुरू राहिलं. आपण मात्र कथेतल्या जनाबाईला नमस्कार करतो आणि घरातल्या जनाबाईला चहा ठेवायला सांगतो!

कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांनी पोथ्या ठेवून शेणच काढायचं? अजिबात नाही. पोथी हवीच. थोडा वेळ सगळं खाली ठेवून शांत बसणं ही चैन नाही, ती प्रत्येकाची गरज आहे. म्हणूनच ती एकट्याने घ्यायची गोष्ट नाही, वाटून घ्यायची आहे. आणि वाटून घेतली की ती लहान होणार, हेही मान्य करायला हवं. मोठा संकल्प केला की छाती फुगते, पण "माझा संकल्प" हीसुद्धा एक आसक्तीच. गाय व्यायला लागली की जो संकल्प चिडतो, त्यात देवापेक्षा मी जास्त आहे असं समजावं.

लहान नेम किती चिवट असतो हे बघायचं तर आपल्या अहिल्यामातेकडे बघावं. सर जॉन माल्कम यांनी माळव्याच्या इतिहासात त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. सूर्योदयाच्या आधी उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार, पुन्हा पूजा आणि रात्री परत राज्याचं काम. 1767 ते 1795 एवढा काळ कारभार त्यांनी पाहिला. मोकळा वेळ मिळाल्यावर साधना करू, असं त्या थांबल्या असत्या तर तो मिळालाच नसता. आणि लोकांच्या तक्रारी ऐकणं हे पूजेत विघ्न आहे असंही त्यांनी मानलं नाही.

काका-काकूंचं पुढे काय झालं तेही सांगते. वही आता नाही. रात्रीची मोटर आणि सकाळचा गोठा काकांकडे आहे. संध्याकाळी दिवा लावल्यावर दोघं ओट्यावर बसतात, साधारण वीस मिनिटं. काकू वाचतात आणि काका लसूण निवडत ऐकतात. अडलं तर काकू अर्थ सांगतात. शेत बटाईने करणाऱ्या घरातली सूनबाई कधी कधी येऊन बसते, तिला मराठी येत नाही, मग काकू माळवीत सांगतात. एक समास चार-चार दिवस चालतो. 200 समास कधी संपतील याचा हिशेब कोणी करत नाही. पेटी अजून खोक्यातच आहे आणि नीलगायी अजून येतात. काका म्हणाले, "वाचन कमी झालं, पण आता ऐकू येतं."

म्हणून या चातुर्मासासाठी एक नम्र विनंती. संकल्प जरूर लिहा आणि ग्रुपवर पाठवा. पण पाठवायच्या आधी त्याच्याखाली घरच्या घरी आणखी एक ओळ लिहा, "हा वेळ मला कोण देणार आहे?" उत्तरात पत्नी, सून, आई, नवरा, कामवाली ताई, जे नाव येईल त्या माणसाला जाऊन विचारा, "तुझं काय वाचायचं राहिलंय? त्या वेळी तुझं कोणतं काम मी करू?" त्यांच्या उत्तरानंतर तुमचा संकल्प अर्धा झाला तरी चालेल. सद्गुरूंच्या चरणी तोच ठेवू या.

श्री गुरुदेव दत्त.

आपली,
एक सेविका, इंदूर