उबेची उपाधी : उंदराच्या स्थूलतेविषयीचे एक अनुमान

अनुमान हे ज्ञानाचे विश्वासार्ह साधन केव्हा ठरते, हा नैयायिकांच्या चिंतनाचा शतकानुशतके चाललेला विषय आहे. धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे म्हणता येते, कारण धुराचे अग्नीशी असलेले साहचर्य कधीच मोडत नाही, आणि या न मोडणाऱ्या साहचर्यालाच ‘व्याप्ती’ म्हणतात. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघतो तो सरपण ओले असल्यामुळे; मात्र ज्याने जन्मभर ओलेच सरपण जळताना पाहिले, त्याला ही अट अट म्हणून जाणवतच नाही. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ अशी संज्ञा आहे, आणि उपाधी दाखवून दिली की तिच्यावाचून मांडलेली व्याप्ती टिकत नाही.

स्थूलतेच्या आधुनिक संशोधनातही अशी एक उपाधी दीर्घकाळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, ती म्हणजे उंदीर ठेवलेल्या खोलीचे तापमान. या संशोधनाची रूढ पद्धत अशी की ‘सी५७ ब्लॅक ६’ या वाणाच्या काळ्या उंदरांचे दोन गट करायचे, एका गटाला ज्यातील साठ टक्के ऊर्जा मेदातून, मुख्यतः डुकराच्या चरबीतून, येते असा आहार द्यायचा, दुसऱ्याला मेदाचा वाटा दहा टक्के असलेला आहार द्यायचा, आणि काही आठवड्यांनी वजने ताडून पाहायची. आहाराचा असा काटेकोर हिशेब ठेवला जात असताना पिंजरे मात्र २० ते २४ अंश सेल्सियसच्या खोलीत असतात. कपडे घालून वावरणाऱ्या माणसाला ही हवा सुखद वाटते. उंदराला ती थंड असते. शरीराचे तापमान राखण्यासाठी प्राण्याला जादा ऊर्जा जाळावी लागत नाही अशा तापमानाच्या पट्ट्याला उष्णता-तटस्थ पट्टा म्हणतात आणि उंदराच्या बाबतीत तो ३० अंशांच्या आसपास असतो. जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाच्या या देहाचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने फार मोठे असल्याने त्यातली उष्णता झपाट्याने निघून जाते, आणि २२ अंशांवर त्याच्या एकूण ऊर्जेचा एक तृतीयांश ते जवळपास निम्मा भाग निव्वळ ऊब टिकवण्यात खर्ची पडतो. ही ऊब मुख्यतः तपकिरी मेदात निर्माण होते. तेथील पेशींच्या तंतुकणिकांमध्ये ‘यूसीपी-१’ नावाचे प्रथिन असते, जे अन्नातील ऊर्जा साठवणीकडे जाऊ न देता थेट उष्णतेत वळवते.

हे प्रथिन नसलेला उंदीर ऊर्जा कमी जाळेल आणि म्हणून लठ्ठ होईल, असा तर्क सरळ होता. प्रत्यक्षात १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे उंदीर थंडीने हैराण झाले, पण लठ्ठ झाले नाहीत. २००३ साली तर २० अंशांवर मेदयुक्त आहार घेणारे हे उंदीर सामान्य उंदरांपेक्षाही सडपातळ राहिल्याचे आढळले, कारण सोपा मार्ग बंद झाल्याने ऊब मिळवण्यासाठी त्यांचे शरीर अधिक खर्चिक मार्ग धरत होते. २७ अंशांवर हा फरक नाहीसा झाला. पुढे २००९ साली बार्बरा कॅनन आणि यान नेदरगार्ड यांच्या स्टॉकहोममधील गटाने हे प्रथिन नसलेले उंदीर ३० अंशांवर ठेवले, तेव्हा ते साध्या आहारावरही स्थूल झाले. जनुकातला बदल तोच असताना, निष्कर्ष मात्र पूर्णपणे उलटला.

येथे उभा राहणारा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नाही. त्या प्रथिनाचा अभाव ‘स्वभावतः’ स्थूल करतो की कृश, या प्रश्नाला तापमान सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. स्वभाव म्हणून जे मांडले जात होते ते देह आणि परिस्थिती यांच्या संबंधाचे वर्णन होते. ही उपाधी इतका काळ नजरेआड राहिली याचे कारण उपकरणांच्या उणिवेत शोधण्यापेक्षा दृष्टीत शोधले पाहिजे, कारण खोलीतली हवा कोणाला सोसते आणि कोणाला सोसत नाही हे माणसाच्या त्वचेवरून ठरवले गेले होते. उंदीर आपल्या परीने ते सांगतच होता. कागदाच्या पट्ट्या किंवा कापूस मिळाला की तो त्या कुरतडून, पिंजून, वरून झाकलेले घरटे करतो आणि त्यात अंग चोरून बसतो. हे वर्तन गारव्याची साक्ष म्हणून वाचले असते, तर प्राण्याचा त्रास आणि अनुमानातला दोष एकाच वेळी उघड झाला असता. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी लिहिताना रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच दयाळू वागणूक आणि चांगले विज्ञान यांची सांगड घातली होती. या प्रकरणात करुणेचा अभाव आणि प्रमाणाचा अभाव खरोखरच वेगळे करता येत नाहीत.

तथापि, ३० अंश म्हणजे उपाधीमुक्त सत्य, असेही मानता येत नाही. जॉन स्पीकमन आणि याप काइयर यांनी २०१३ साली असे प्रतिपादन केले की माणूस दैनंदिन व्यवहारात मूलभूत चयापचयाच्या सुमारे १.६ ते १.८ पट ऊर्जा खर्च करतो, आणि तेच गुणोत्तर एकट्याने ठेवलेल्या उंदरात साधायचे तर २३ ते २५ अंश अधिक योग्य. स्टॉकहोमच्या गटाने ते अमान्य केले. अनुमानच नाकारणारे चार्वाक नेमका हाच मुद्दा मांडत की न दिसलेली उपाधी कोठेही असू शकते, त्यामुळे व्याप्तीची खात्री कधीच होणार नाही. यावर नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर असे की शंकेला मर्यादा असते आणि ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होते तेथे थांबते. पुढे गंगेशांनी दाखवून दिले की तृप्तीसाठी अन्नाकडेच वळणारा माणूस अन्न आणि तृप्ती यांच्या कार्यकारणभावावर मनापासून शंका घेत नसतो. आहार आणि मेद यांचा संबंधही असाच नाकारता येण्याजोगा नाही, पण तो किती आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक वेळी शोधावेच लागते. उदाहरणार्थ, २०१७ सालच्या एका प्रयोगात उबदार खोलीत ठेवलेल्या उंदरांत यकृतातील मेदविकार बळावला आणि एरवी त्याला दाद न देणाऱ्या माद्यांतही तो दिसू लागला, म्हणजे मादीचा ‘उपजत प्रतिकार’ म्हणून गणलेली गोष्टही निदान अंशतः गारव्याशी जोडलेली निघाली. शिवाय ज्याला निवड करू दिली तो उंदीर दिवसा झोपताना अधिक ऊब शोधतो आणि रात्री हिंडताना गार जागाही पत्करतो, त्यामुळे खोलीचे एकच एक तापमान ठरवून देण्यापेक्षा पुरेसे घरट्याचे साहित्य आणि सोबती देऊन उंदराला आपली ऊब आपणच राखू देणे, हा पर्याय शास्त्राच्या दृष्टीनेही अधिक सयुक्तिक ठरतो.