आधी गुरगुरतं, मग चावतं

२०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. म्हणजे दिवसाला दहा हजार. एकट्या महाराष्ट्रातला आकडा पावणेपाच लाखांच्या वर.

इंजेक्शनच्या रांगेत बहुतेकांचं म्हणणं एकच असतं : ‘काही केलं नव्हतं हो, उगाच चावलं.’ माणसाच्या बाजूने ते खरंही असतं. पण गाडीखाली नुकतीच पिल्लं घातलेली कुत्री, चिकनच्या दुकानामागे फेकलेली आतडी राखत बसलेली टोळी, किंवा पायाला जखम झालेला, हात लावू न देणारा म्हातारा कुत्रा यांना कारण पुरेसं असतं. अंग ताठ होतं, ओठ मागे ओढले जातात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, मग गुरगुर. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हाही आपला भाबडा समज. ताठ, उंच धरलेली शेपूट हलते तेव्हा मामला वेगळा असतो. घरातल्या कुत्र्याला तर गुरगुरल्याबद्दल आपण फटका देतो. शहाणं कुत्रं मग गुरगुरणं सोडतं आणि थेट चावतं. (पिसाळलेल्याची गोष्ट अर्थात वेगळी, त्याला कारण लागत नाही.)

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र भांडण कुत्र्याच्या स्वभावावरच चालतं. एका गटाला तो इमानी, दुसऱ्याला खुनशी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकराच दिवसांनी तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून, पिसाळलेली व आक्रमक वगळता, बाकीची जिथून उचलली तिथेच सोडा. मला हा दुसरा आदेश पटतो, पण तो पाळायचा तर कानाला कट मारलेली, म्हणजे नसबंदी झालेली, कुत्री गल्लीत बहुसंख्य हवीत. निम्म्यांची नसबंदी करून थांबलं की उरलेल्या कुत्र्या वर्ष-दोन वर्षांत संख्या भरून काढतात. आणि उघडा कचरा त्यांना पोसतोच. रोज बिस्किटं टाकणाऱ्यांनी त्याच कुत्र्याला लसीसाठी पकडून द्यायलाही पुढे यावं, ही अपेक्षा जास्त नाही.

सगळ्यात वाईट हाल लहान मुलांचे. त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, आणि मिठी मारायला तीच धावतात. ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवतातही तीच. कळलं तरी घरात हळद, चुना, तिखट शोधलं जातं. करायचं असतं ते वेगळंच : नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर डॉक्टरांच्या हाती जवळपास काहीच राहत नाही.